पाट्या टाकणाऱ्यांचा इतिहास

मराठीत कामावर हजर राहून काम न करणाऱ्यासाठी शब्दांची वाण नाही. तो पाट्या टाकतो, टंगळमंगळ करतो, चालढकल करतो, वेळ मारून नेतो. तो कामचुकार असतो. या सगळ्यांत मला विचित्र वाटणारा शब्द आहे 'अंगचोर'. स्वतःचंच अंग चोरणारा. माल त्याचा, चोरही तोच. मग चोरी झाली कोणाची? ज्याने ते अंग दिवसाच्या बोलीवर विकत घेतलंय, त्याची. शब्द कोणाच्या बाजूने उभा आहे, हे त्यातूनच कळतं.

हल्ली याच गोष्टीला ऑफिसात इंग्रजी नाव आहे: प्रेझेंटीझम. ॲब्सेंटीझम म्हणजे गैरहजेरी, तर ही हजेरीतली गैरहजेरी. माणूस खुर्चीत आहे, लॅपटॉप उघडा आहे, चॅटवर नावापुढे हिरवा ठिपका आहे, पण आत कोणी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली 'बर्नआउट'ची व्याख्या केली, तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणी साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा तो परिणाम, असं म्हटलं. लक्षणं तीन सांगितली: अंगातली ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं आणि हातून होणारं काम घसरणं. ही तीन लक्षणं लक्षात ठेवा. पुढे ती गिरणीच्या आवारात पुन्हा भेटतील.

मी जुहूत नोकरी करते. जुहू-तारा रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याचा मजला भाड्याने घेतलेलं ऑफिस. आम्ही मालिका आणि वेबसिरीजची सबटायटल्स लिहितो. संध्याकाळी सातनंतर आमच्याकडे कोणी निघत नाही आणि कोणी कामही करत नाही. लवकर निघणं वाईट दिसतं म्हणून बसायचं, आणि बसलोय म्हणून काहीतरी उघडं ठेवायचं. रात्री साडेनऊला लिहिलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लिहाव्या लागतात. यावर वरिष्ठांचं म्हणणं ठरलेलं: आजकालच्या पोरांना कामाची आवडच नाही. हे वाक्य मला कुठेतरी वाचल्यासारखं वाटायचं, म्हणून शोधायला लागले. त्याचं एक रूप सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत, गिरणी कामगारांबद्दलच्या सरकारी अहवालात सापडलं. पण तिकडे जाण्याआधी जुहूच मध्ये आडवं आलं.

हवापालटाचं गाव

एकोणिसाव्या शतकात जुहू हे साष्टीच्या किनाऱ्यालगतचं वेगळं बेट होतं. वाळूचा लांबट दांडा, समुद्राच्या पातळीपेक्षा मीटर-दोन मीटर उंच. ओहोटी असली की खाडी पायी ओलांडून इथे येता यायचं. पोर्तुगीज याला 'जुवें' म्हणत. कोळी मासे मारत, भंडारी ताडी काढत, कुणबी थोडीफार शेती करत.

1890 च्या दशकात जमशेदजी टाटांनी इथे जमीन घेतली आणि बंगला बांधला. जुहू-तारा भागात सुमारे 1200 एकरांवर एकेक एकराचे प्लॉट पाडून समुद्रकाठचं विश्रांतीचं गाव वसवायचं, अशी त्यांची योजना होती. 1904 मध्ये ते गेले आणि योजना बारगळली. पण मुंबईतल्या श्रीमंतांच्या मनात जुहूची ओळख पक्की झाली: दमलात की इथे यायचं.

जानेवारी 1924 मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. फेब्रुवारीत त्यांची तुरुंगातून सुटका झाली आणि मार्चमध्ये ते अंगात ताकद यावी म्हणून जुहूला आले. नरोत्तम मोरारजींच्या बंगल्यात ते मे महिन्यापर्यंत राहिले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास त्यांच्याशी चर्चा करायला इथेच आले होते. मे 1944 मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी पुन्हा जुहूलाच आले, मोरारजी कुटुंबाकडेच. त्या वेळी शरीराला आराम मिळावा म्हणून त्यांनी काही दिवस मौनही पाळलं.

नरोत्तम मोरारजी म्हणजे वालचंद हिराचंद यांच्यासोबत सिंदिया जहाज कंपनी उभी करणारे उद्योगपती. त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास. मुंबईतली 1871 सालची मोरारजी गोकुळदास गिरणी त्यांच्याच नावाची. सोलापूरची 'जुनी गिरणी'ही त्यांनीच काढली. जुहूतलं आणखी एक ओळखीचं नाव घ्या. एसएनडीटी विद्यापीठाचा इथला परिसर आपण रोज बघतो. त्या नावातल्या 'श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी' या विठ्ठलदास ठाकरसींच्या आई. विठ्ठलदास मुंबईचे गिरणीमालक, आणि महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 1920 साली त्यांनी 15 लाखांची देणगी दिली.

टाटा, मोरारजी, ठाकरसी. जुहूच्या जुन्या नकाशावरची आणि पाट्यांवरची ही नावं गिरणगावातून आलेली आहेत. यात कोणाला दोष द्यायचा नाही. मला एवढंच दिसलं, की दमलेल्या माणसाला हवा पालटून द्यावी लागते, त्याला शांतता आणि वेळ लागतो, हे ज्ञान त्या काळी या शहराला पुरेपूर होतं. प्रश्न ते कोणाला लागू होतं, एवढाच होता. गांधीजी जुहूला आले त्या मार्च महिन्यात मुंबईच्या दीड लाखाहून जास्त गिरणी कामगारांचा संप चालू होता. बंद केलेल्या बोनसवरून जानेवारीत सुरू झालेला हा संप मार्चअखेर मोडला. त्या कामगारांना हवापालट कोणी सुचवला नसणार.

सूर्य मावळेपर्यंत

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांची. 1854 मध्ये कंपनी निघाली आणि 1856 मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढची कित्येक वर्षं गिरणीच्या दिवसाची लांबी आकाशात ठरायची. उजाडलं की चक्र सुरू, अंधारलं की बंद. त्यामुळे हिवाळ्यात दिवस आखूड आणि उन्हाळ्यात, जेव्हा उकाड्याने जीव नकोसा होतो, तेव्हाच तो सगळ्यात लांब.

1881 चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायचं नाही आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. मोठ्या माणसांच्या तासांवर त्यात काहीही मर्यादा नव्हती.

सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. लोखंडे हे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु'चे संपादक. सभांमध्ये ठरलेल्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या-अंगठे केले. मागण्या पाच होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुटी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जायबंदी झालेल्याला भरपाई.

ही यादी आज वाचताना साधी वाटते. जरा उलटी करून वाचा, म्हणजे त्या वेळचा दिवस दिसेल. सुटी नाही. जेवायला थांबायची हक्काची वेळ नाही. कामाला सुरुवात कधी आणि शेवट कधी, याची खात्री नाही. पगार कधी हातात पडेल, सांगता येत नाही. हात गेला तर तो आपला आपण सांभाळायचा. आजचे मानसशास्त्रज्ञ कामाच्या ताणाची कारणं मोजतात तेव्हा अतिकाम, अनिश्चितता, स्वतःच्या वेळेवर ताबा नसणं आणि कष्टाचा मोबदला वेळेवर न मिळणं ही सगळी त्यात येतात. परळच्या अर्जात ती सगळी आहेत.

24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली. तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालक संघाने रविवारची सुटी मान्य केली. 1891 च्या कायद्याने साप्ताहिक सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कागदावर आली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा मिळाली. पुरुषांच्या तासांना मात्र अजूनही टोपण नव्हतं.

दिवा लागला

मग गिरण्यांत विजेचे दिवे आले. 1905 साली सूत आणि कापडाच्या बाजारात तेजी होती आणि दिव्यांमुळे सूर्यास्ताची अट आपोआप निकालात निघाली. दिवे बसलेल्या गिरण्या चौदा-पंधरा तास चालायला लागल्या. निसर्गाने घातलेली एकमेव मर्यादा एका बटणाने उठली.

चौदा तास म्हणजे काय, ते चाळीत जाऊन बघावं लागतं. एका खोलीत दोन-दोन कुटुंबं, नाहीतर खाणावळीला जेवणारे दहा-वीस एकटे पुरुष. पहाटेच्या भोंग्याआधी उठून नळावर रांग. कामावर टिकायचं तर जॉबरची मर्जी सांभाळायची. कामावर घेणारा तो, काढणारा तो, आणि त्याची दस्तुरी वेगळी. बदली कामगाराचं तर दर सकाळी दारात उभं राहून आज आपलं नाव पुकारलं जातं का, याकडे लक्ष. वर गावाकडे पाठवायचे पैसे आणि सावकाराचं व्याज. काही आया तान्ह्या मुलाला अफूची बाळगोळी देऊन कामावर जात, म्हणजे ते दिवसभर निजून राहील. अशी बाई दिवसभर यंत्राजवळ उभी असेल, तेव्हा तिचं लक्ष सुताच्या धाग्यावर किती असणार?

आणि इथेच, आवारात, आपल्याला ती तीन लक्षणं भेटतात. ताकद संपलेली माणसं यंत्र सोडून बाहेर येऊन बसत. बिडी ओढत, घरून आलेलं जेवण जेवत, अंघोळ करत, सावलीत डुलकी काढत. तेवढ्यात त्यांचं यंत्र शेजारचा सांभाळे, मग तो बाहेर जाई. कोणत्याही वेळी पटावरच्या माणसांपैकी बरीच माणसं खात्याच्या बाहेर असत. मालकांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी त्यावर उपाय केला तो जास्तीची माणसं पटावर ठेवण्याचा, आणि पुढे बाहेर जाण्यासाठी पास देण्याचा. म्हणजे थकव्याची किंमत हिशोबात धरलेली होती. फक्त तिला थकवा म्हणायचं नव्हतं.

अहवालातला आळशी माणूस

चौदा-पंधरा तासांच्या बातम्यांनी गवगवा झाला. त्यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचा स्वार्थही होता, हे विसरून चालणार नाही. मुंबईचं सूत महाग व्हावं, हे त्यांना हवंच होतं. 1906 मध्ये सरकारने सर हॅमिल्टन फ्रीअर-स्मिथ यांची समिती नेमली. तिने प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा सुचवली. त्यानंतर डब्ल्यू. टी. मॉरिसन यांच्या अध्यक्षतेखाली मोठा आयोग बसला आणि 1908 मध्ये त्याचा अहवाल आला.

मी ज्या वाक्याच्या शोधात होते ते इथे आहे. आयोगाच्या बहुमताचं म्हणणं थोडक्यात असं: हिंदी कामगाराला सलग, नेटाने काम करायची सवय नाही. आपलं काम लांबच लांब वेळेवर पसरून ते सावकाश करायचं आणि मनाला येईल तेव्हा थांबायचं, ही त्याची प्रवृत्ती. टंगळमंगळीसाठी अहवालात सतत येणारा इंग्रजी शब्द म्हणजे 'लॉयटरिंग'. यावरून निष्कर्ष काय निघाला? पुरुषांच्या तासांवर थेट मर्यादा घालायची गरज नाही.

हा तर्क नीट बघा. माणूस चौदा तास यंत्राजवळ उभा राहू शकत नाही, म्हणून तो मधे मधे बाहेर जातो. तो बाहेर जातो, म्हणजे तो काही खरं चौदा तास काम करत नाही. तो खरं चौदा तास काम करत नाही, म्हणजे चौदा तास जास्त नाहीत. परिणामालाच पुरावा करून कारण खोडून काढलं. थकलेल्या माणसाने चोरून घेतलेली विश्रांती, त्याला विश्रांतीची गरज नसल्याचा दाखला ठरली.

आयोगातल्या एका सदस्याने याला विरोध करून भिन्नमतपत्रिका जोडली. ते होते मद्रासचे डॉ. टी. एम. नायर, पेशाने डॉक्टर, पुढे जस्टिस पार्टीच्या संस्थापकांपैकी एक. तासांवर थेट कायद्याने मर्यादा घालावी, यावर ते ठाम राहिले. 1911 च्या कायद्याने शेवटी त्यांच्या बाजूने कौल दिला आणि कापड गिरण्यांत प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आली. बहुमत हरलं, पण त्याने रंगवलेलं आळशी कामगाराचं चित्र मात्र टिकलं. ते अजून वापरात आहे, फक्त त्यातल्या माणसाने आता गळ्यात ओळखपत्र घातलंय.

नागपूरचा पाचवा हिस्सा

याच प्रश्नाकडे दुसऱ्या नजरेने बघणारं एक उदाहरण महाराष्ट्रातच होतं, आणि तेही जुहूत बंगला बांधणाऱ्या माणसाचं. जमशेदजींची एम्प्रेस मिल नागपूरला 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली. त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय, की सुरुवातीला तिथे रोज सुमारे पाचवा हिस्सा माणसं गैरहजर असत. मुंबईच्या तऱ्हेने विचार केला तर उपाय सोपा: दंड वाढवा.

जमशेदजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी माणसं का येत नाहीत, याचा विचार केला. बेझनजी मूळचे रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले, कापडातले नव्हते. गिरणीत हवा खेळती राहावी आणि दमटपणा ताब्यात राहावा, यासाठी यंत्रणा बसवली. 1886 मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू केला आणि 1895 मध्ये अपघाताची भरपाई. चांगल्या कामासाठी बक्षीससमारंभ होत. लोखंड्यांच्या अर्जातली पाचवी मागणी आठवा. परळच्या सभांना तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

एम्प्रेस मिल काही स्वर्ग नव्हती. दिवस तिथेही लांबच होता, आणि मालकाने हे केलं ते गिरणी चालावी म्हणूनच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो प्रश्नाचा क्रम. मुंबईच्या अहवालाने विचारलं, हा माणूस असा का आहे? नागपूरने विचारलं, इथे असं काय आहे, की माणूस यायला नाखूश आहे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मालकाच्या हातात असतं, म्हणूनच तो विचारायला जड जातो.

यातली समज पुढे जगाच्या दुसऱ्या टोकाला आकड्यांत सिद्ध झाली. जर्मनीत येना इथल्या झाइस कारखान्यात एर्न्स्ट आबे यांनी 1900 साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला. उत्पादन घटलं नाही, उलट थोडं वाढलं. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत माणसं आठवड्याला सत्तर-सत्तर तास राबत होती. 1915 मध्ये सरकारने त्यांच्या आरोग्यासाठी समिती नेमली. समितीसाठी एच. एम. व्हर्नन यांनी तास आणि उत्पादन दोन्ही मोजलं. तास कमी केल्यावर बऱ्याच ठिकाणी एकूण उत्पादन तेवढंच राहिलं किंवा वाढलं. याच जुन्या नोंदी घेऊन जॉन पेन्कावेल या अर्थशास्त्रज्ञाने 2014 मध्ये पुन्हा हिशोब केला. आठवड्याला सुमारे 50 तासांनंतर प्रत्येक जादा तासातून मिळणारं काम घसरत जातं, आणि 70 तासांत जे निघतं ते 56 तासांत निघणाऱ्या कामापेक्षा जेमतेम जास्त असतं. वरचे चौदा तास माणूस कारखान्यात असतो, एवढंच. मॉरिसन आयोगाला जो माणूस आवारात बिडी ओढताना दिसला, तो हाच.

तास घटले, वेग वाढला

मुंबईत तास कमी झाले ते संशोधन वाचून नाही. 1920 च्या सुरुवातीच्या सार्वत्रिक संपानंतर मालकांनी दहा तास मान्य केले. 1922 च्या कायद्याने आठवड्याला 60 तास, 1934 च्या कायद्याने 54 तास अशी मर्यादा आली. 1946 मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं डॉ. आंबेडकरांकडे असताना, ती 48 तासांवर आली. 1884 च्या अर्जापासून इथवर यायला 62 वर्षं लागली.

पण तास आवळले गेले, तसा ताण दुसऱ्या वाटेने आत शिरला. 1920 च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या मालकांनी जपानी स्पर्धेला उत्तर म्हणून 'रॅशनलायझेशन' आणलं. ससून गटाच्या गिरण्या यात पुढे होत्या. साळ खात्यात दोन माग बघणाऱ्याने तीन बघायचे. त्रासन खात्यात साच्याची एक बाजू सांभाळणाऱ्याने दोन सांभाळायच्या. माणसं कमी, काम तेवढंच किंवा जास्त, आणि उरलेल्यांच्या डोक्यावर उद्या आपलीही पाळी येईल ही टांगती तलवार. एप्रिल 1928 मध्ये संप झाला तो ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास माणसं बाहेर होती. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, याच संपात उभी राहिली.

कामाच्या ताणाच्या इतिहासात मला हा संप वळणाचा वाटतो. 1884 चा कामगार म्हणत होता, दिवस संपू दे. 1928 चा कामगार म्हणत होता, दिवस संपतो हो, पण त्या दिवसात तुम्ही दीड माणूस कोंबलाय. आज 'टीम लहान आहे, पण आपण सगळे मिळून करू' असं मीटिंगमध्ये ऐकू येतं, तेव्हा तो तिसरा माग आपल्यासमोर आणून ठेवलेला असतो.

हिरवा ठिपका

2023 साली नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचं 90 तासांबद्दलचं आणि रविवारीही काम करून घेण्याबद्दलचं बोलणं गाजलं. सप्टेंबर 2025 मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर, आणि दुकानं-आस्थापनांतली नऊवरून दहा तासांवर नेण्याला मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची चौकट आणि जादा कामाचा मोबदला कायम ठेवून, असं सरकारने सांगितलं. बारा तास हा आकडा मात्र 1911 च्या कायद्यात आपल्याला एकदा भेटून गेलाय. तेव्हा तो जिंकलेला होता.

ऑफिसात तर मर्यादा पुसली जायला कायदाही लागत नाही. 1905 मध्ये विजेच्या दिव्याने सूर्यास्त पुसला, तसा फोनने दरवाजा पुसला. गिरणी कामगाराच्या मागे चाळीपर्यंत भोंगा यायचा, यंत्र यायचं नाही. आपलं यंत्र उशाशी असतं. त्यामुळे आवारही बदललंय. बिडीच्या जागी रील्स आहेत, सावलीतल्या डुलकीच्या जागी वॉशरूममधली दहा मिनिटं आहेत, शेजाऱ्याने साचा सांभाळावा तसं मित्र माउस हलवून आपला ठिपका हिरवा ठेवतो. कंपन्या यावर 'एंगेजमेंट सर्व्हे' घेतात. उत्तरं वाईट आली की पिझ्झा येतो, किंवा शनिवारी योगाचं शिबिर ठेवतात. शनिवारी!

या सगळ्या इतिहासातून मला एक गोष्ट हाताला लागली. 1908 च्या आयोगासमोर दोन्ही गोष्टी होत्या, तासही आणि टंगळमंगळही. त्याने त्या दोन वेगळ्या रकान्यांत लिहिल्या. एक व्यवस्थेचा, एक स्वभावाचा. आजही कामाचे तास एका स्लाइडवर असतात आणि 'लो एंगेजमेंट' दुसऱ्या. त्या स्लाइड एकमेकींवर ठेवल्या, तर निम्म्याहून जास्त सर्व्हे घ्यावेच लागणार नाहीत, असं मला वाटतं.

प्रत्येक टंगळमंगळ थकव्यातूनच येते, असंही नाही. काही माणसं खरंच आळशी असतात, आणि काही कामंच अशी असतात, की त्यांच्यात मन कोणाचंही लागू नये. पण एका माणसाचं मन लागत नसेल तर तो त्याचा स्वभाव असू शकतो. सगळ्या मजल्याचं लागत नसेल, तर स्वभावाकडे बोट दाखवणं ही सोय आहे.

आणि उत्पादनाच्या या युक्तिवादालाही एक मर्यादा आहे. विश्रांती द्या, म्हणजे काम जास्त निघेल, हे खरं आहे. वरिष्ठांशी बोलताना उपयोगीही आहे. मी तो वापरणार आहे. पण उद्या एखाद्याने सिद्ध केलं, की 70 तासांत खरंच दीडपट काम निघतं, तर मग काय? परळच्या त्या अर्जातल्या मागण्यांत उत्पादनाचा शब्द नाही. लोखंडे रविवारच्या सुटीचा संबंध खंडोबाच्या वाराशी आणि समाजासाठी करायच्या कामाशी जोडत, असं सांगतात. रविवार त्यांनी मागितला तो सोमवारी साचा जोरात चालावा म्हणून नाही. कामगाराचा एक दिवस कामगाराचा असावा, म्हणून.

अंगचोर हा शब्द तिथे निरर्थक होतो. आपलंच अंग आपण घरी घेऊन गेलो, तर त्याला चोरी म्हणत नाहीत.